मालक हयात असेतोवर

भागाबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी मागचं दार बघायच्या. ओसरीवरून कुणी "बसा" म्हणालं, तर "बसते जी, थांबा" असं म्हणत त्या माजघर ओलांडून थेट परसापर्यंत जात, कडी काढून बाहेर डोकावत आणि मगच परत येऊन टेकत. माझी पत्नी नुकतीच वाईहून आली होती. तिला वाटलं, ही बाई काही चोरीचा माल शोधायला आली आहे. मी म्हणालो, "बघू दे त्यांना. त्यांच्या घराला मागचं दार नाही."

मी अमरावतीच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. परकोटाच्या आत, एका अरुंद बोळाच्या तोंडाशी आमचं बिऱ्हाड होतं. बोळ जिथं संपत होता तिथं शेवटचं घर भागाबाईंचं, आणि त्याच्या मागं गावाचा उंच दगडी परकोट. घराची मागची भिंत आणि परकोट यांच्यामध्ये गाडी जाईल एवढी मोकळी पट्टी होती. त्या पट्टीने थोडं चाललं की परकोटातली खिडकी लागायची, म्हणजे माणसांना येण्याजाण्यासाठी ठेवलेला लहान दरवाजा. पण पट्टीच्या बाजूला घराला साधा झरोकासुद्धा नव्हता. पेंढाऱ्यांच्या भीतीने कुणी तरी कधी तरी हुकूम काढला होता, की परकोटाकडे तोंड करून दार काढायचं नाही. पेंढारी संपले, निजामाचा अंमल जाऊन इंग्रजांचा आला, हुकूम मात्र जागच्या जागी राहिला.

एरवी कुणाचं त्यावाचून अडलं नसतं. पण ती कापसाची वर्षं होती. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता, एवढं आम्हाला कळत होतं. बाहेरचं मैदान भरलं तसा कापूस वेशीतून आत आला. व्यापाऱ्यांनी दिसेल ती जागा भाड्याने घेतली. भागाबाईंच्या डावीकडच्या घरातला तेली आपला तेलघाणा विकून गेला आणि तिथं वखार झाली. उजवीकडेही वखार. दोन्हीकडे मावेना तेव्हा बोळातच बोजे रचायला सुरुवात झाली, आणि मोसमात भागाबाईंच्या उंबऱ्यापासून बोळाच्या तोंडापर्यंत कापसाच्या गंज्या उभ्या राहिल्या. भागाबाई त्यांच्यावर चढून बाहेर येत. पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर घागर, केसांत कापसाचे पुंजके. ते वर्षभर जात नसत. बोळातली माणसं त्यांना पाहून हसत, आणि त्या उलट म्हणत, "हसा बाप्पा. तुमाले दार हाय."

त्या चढून येऊ शकत होत्या. त्यांचे मालक येऊ शकत नव्हते.

सोनाजी पाटील मूळचे हिवरखेडकडचे. काळ्या मातीतले शेतकरी, अंगाने धिप्पाड. कापसाला भाव आला तसे ते गाड्या घेऊन अमरावतीला आले, हे घर घेतलं, आणि त्याच वर्षी एका उतारावर भरलेली गाडी त्यांच्या अंगावर उलटली. कमरेखालचा जीव गेला. वैद्याने सांगितलं, पाठ वाकवायची नाही, उचलायचं तर बाजेसकट. तेव्हापासून सोनाजी आतल्या खोलीत बाजेवर होते. हात धड होते, आवाज खणखणीत होता, आणि वर पाहिलं की काळवंडलेल्या वाशांखेरीज त्यांना काही दिसत नव्हतं.

भागाबाई बाहेरून आल्या की त्यांना सगळं सांगायच्या. कुणाच्या गाडीचं चाक मोडलं, तूर कशी आहे, पाण्याला गर्दी किती होती. सांगताना आवाज एवढा मोठा, की आम्हाला आमच्या ओसरीवर ऐकू यायचं. एकदा सोनाजी म्हणाले, बैल पाहिल्याला फार दिवस झाले. पावसाळ्यात बोळ रिकामा असायचा, पण गुडघाभर चिखलातून बाज नेता येत नसे; बैल मात्र आत येऊ शकत होता. दुसऱ्या दिवशी भागाबाईंनी गाडीवानाकडून एक बैल सोडवून आणला आणि समोरच्या दारातून थेट आतल्या खोलीत नेला. सोनाजींनी त्याच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवला, शिंगं चाचपली, दात पाहिले. मग बैलाला बाहेर काढायची वेळ आली. खोलीत त्याला वळायला जागा नव्हती. मागं सरायला तो तयार होईना. एक शिंग वाशात अडकलं, एक पाय धान्याच्या कणगीत गेला, आणि घाबरून तो हंबरायला लागला. आम्ही पाचसहा जणांनी ढकलून त्याला उलट्या पावली बाहेर आणलं तेव्हा सगळे घामाने भिजले होते. सोनाजी पोट धरून हसत होते. मग हसू आवरून म्हणाले, "त्याले तं काढलं बाप्पा तुमी."

त्याच संध्याकाळी भागाबाई आमच्याकडे आल्या. "मास्तर, मले अर्ज लिहून द्या. मांगच्या भितीले दार पाडाचं हाय. सरकारची परवानगी लागते म्हणतेत."

"कसलं दार, किती रुंद?"

"बाज निंगन एवढं."

मी अर्ज लिहिला, पण शाळेतून मला सवड मिळेपर्यंत मोसम सुरू होऊन बोळ पुन्हा भरला होता; तेव्हा त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. तिथले कारकून वयस्कर होते, स्वभावाने वाईट नव्हते, पण नियमाबाहेर बोट हलवणारे नव्हते.

"घर कुणाच्या नावावर?"

"आमच्या मालकाच्या."

"नाव?"

नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? मी तोंड उघडलं तर कारकून म्हणाले, "तुम्ही नका सांगू मास्तर. अर्ज बाईंचा आहे." भागाबाईंनी कानातली बाळी पुढे केली. "हे कायचं हाय?"

"सोन्याचं."

"मंग त्याले जी लावा."

कचेरी हसली. कारकूनही हसले आणि त्यांनी नाव लिहून घेतलं. मग अर्ज वाचून म्हणाले, "परकोटाच्या बाजूचं काम आहे. मालकानं समक्ष हजर होऊन जबानी दिली पाहिजे."

"मालक बाजेवर हायेत. कमरेखाली जीव नाई."

"मग बाजेवरून आणा."

"समोर कापूस भरेल हाय. बाज निंगत नाई म्हणून तं दार मांगून राहिली मी!"

"कापूस हलवायला सांगा."

त्यांनी ते कितीदा सांगितलं होतं. व्यापाऱ्याचा गुमास्ता हात जोडून म्हणायचा, उद्या हलवतो बाई. एक गंजी हलायची आणि संध्याकाळच्या आत तिथं दुसरी यायची. कचेरीतही कापसाला हात लावायला कुणी तयार नव्हतं. माल अडला तर वरून विचारणा होई. कारकुनांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मी तुमचं दुःख समजतो. पण मालक समक्ष आल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही."

"मंग सांगा ना, पुढं काय करू?" हे भागाबाईंचं नेहमीचं वाक्य होतं. समोरच्याने नाही म्हटलं की त्या रडत नसत, भांडतही नसत. त्याच्यापुढे बसून शांतपणे विचारत, मंग सांगा, पुढं काय करू. आणि उत्तर मिळेपर्यंत उठत नसत. त्या दिवशी दिवे लागायच्या सुमाराला कारकुनांनी उत्तर दिलं. परकोटाचं काम ज्याच्या अखत्यारीत आहे तो बांधकामाचा साहेब अकोल्याला बसतो. त्याने जागा पाहून शेरा मारला तर मालकाच्या जबानीवाचून चालेल.

शाळेच्या कामासाठी मला अकोल्याला जायचंच होतं. गाड्यांचा तांडा निघाला त्यात भागाबाई आल्या. सोनाजींपाशी माझी पत्नी राहिली. अकोल्यात तेव्हा रेल्वेच्या कामाची धांदल होती, सगळीकडे चुना, विटा आणि परगावचे मजूर. साहेब रोज पहाटे घोड्यावरून कामावर जायचा आणि ऊन उतरल्यावर परत यायचा. भेटीसाठी कंत्राटदारांची रीघ. भागाबाई बंगल्याच्या फाटकाशी बसल्या. शिपायाने उठवलं की पलीकडे जाऊन बसायच्या. माझं काम संपत आलं तरी त्यांची भेट होईना. शेवटी एका संध्याकाळी साहेब परत येताना त्या सरळ घोड्यापुढे उभ्या राहिल्या. घोडा बुजला. शिपाई धावले. साहेबाने हात वर करून त्यांना थांबवलं आणि दुभाष्याला विचारलं, बाईला काय हवं आहे.

"दार पाह्यजे मांगच्या भितीले."

दुभाष्याने सांगितलं. साहेबाने विचारलं, घराला दार नाही का?

"एक हाय. त्याच्यापुढं कापूस हाय. सायबाले विचार, त्याच्या बंगल्याले दारं किती?"

दुभाषी हे सांगायला कचरला. साहेबाने पुन्हा विचारलं तेव्हा त्याने चाचरत सांगितलं. साहेबाने वळून आपल्या बंगल्याकडे पाहिलं. चारी बाजूंना दारंच दारं, आणि सगळी वाऱ्यासाठी उघडी. तो हसला. म्हणाला, अमरावतीला येईन तेव्हा जागा पाहीन. परतीच्या वाटेवर भागाबाईंनी मला विचारलं, "मास्तर, हसला म्हंजे चांगलं ना?" मी म्हणालो, चांगलंच.

साहेब शब्दाला जागला, पण ऐन मोसमात. बोळाच्या तोंडाशी, माझ्या ओसरीसमोर त्याचा घोडा थांबला. पुढे गाड्या अडकलेल्या, त्यापुढे गंज्या, हमालांचा आरडाओरडा. पलीकडून, कापसाच्या मागून भागाबाईंचा आवाज येत होता, "या जी! इकडं या! वरतून या!" साहेबाने मान उंच करून पाहिलं. त्याला कापूस दिसला. त्याने रुमालाने चेहरा पुसला, शिपायाशी काही बोलला आणि घोडा वळवला. भागाबाई धडपडत गंजीवर चढून आल्या तेव्हा धूळ तेवढी उरली होती.

काही दिवसांनी कचेरीतून कळलं, साहेबाचा शेरा आला आहे. वाट बंद असल्यामुळे जागा पाहता आली नाही.

भागाबाई आमच्या ओसरीवर बसल्या. म्हणाल्या, "वाट बंद हाय, हे सायबाले समजलं. मंग दार कावून पाह्यजे, हे नाई समजलं?" त्या दिवशी त्यांनी पुढं काय करू असं विचारलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

फाल्गुनात एका दुपारी डावीकडच्या वखारीतून धूर निघाला. कुणा गाडीवानाच्या चिलमीची ठिणगी म्हणे. गच्च दाबलेला कापूस भडकत नाही, आतल्या आत जळत जातो, आणि धूर असा येतो की समोरचा माणूस दिसत नाही. सगळा बोळ घागरी घेऊन धावला. मी ओळीत उभा राहून घागरी पुढे देत होतो. दारासमोरच्या गंजीवर एक हमाल चढला आणि आत ओरडला, "बाई, हात द्या! वर ओढतो तुमाले!"

आतून आवाज आला, "दोघं येतो! बाज धरा!"

"बाज नाई निंगत! तुमी या!"

"मंग कोणीच नाई येत! पानी टाका तिकडं!"

त्यानंतर आवाज आला नाही. धूर भिंतीच्या फटींतून त्यांच्या घरात शिरत असणार हे मला कळत होतं आणि मी घागरी पुढे देत होतो. दुसरं काही करता येत नव्हतं. आग विझायला दिवस कलला. मी गंजीवरून उतरून आत गेलो तेव्हा खोलीत सगळीकडे ओल्या गोधड्या होत्या, फटींत कोंबलेल्या, बाजेवर पांघरलेल्या. भागाबाई बाजेची लाकडी कड धरून जमिनीवर बसल्या होत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. सोनाजी खोकत होते. खोकला थांबला तसे म्हणाले, "मास्तर, इले सांगा. पुढच्या खेपेले मले सोडून निंगून जाय म्हणा."

भागाबाई उठल्या. "पुढची खेप येऊ देईन तवा ना," म्हणाल्या, आणि गोधड्या पिळायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबलीचे, म्हणजे पहारीचे, घाव ऐकू आले. मी गेलो. भागाबाई मागच्या भिंतीवर एकट्या सबल चालवत होत्या आणि सोनाजी बाजेवरून सांगत होते, "वरती नको मारू, आढ्याचा भार येईन. खालतून घे." मातीची जाड भिंत होती. मला पाहून भागाबाई थांबल्या. "मास्तर, याले परवानगी नाई. तुमी सरकारचे नोकर. घरी जा."

मी उपरणं खुंटीला अडकवलं आणि पडलेली माती ओढायला लागलो. दुपारपर्यंत आरपार उजेड आला. मग कालचे हमाल आले, न बोलावता, आणि त्यांनी भोक बाजेएवढं केलं. चौघांनी बाज उचलून बाहेर पट्टीत ठेवली. सोनाजींनी उजेडाने डोळे गच्च मिटून घेतले. थोड्या वेळाने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "वारा कोन्या दिशेनं हाय?"

"उगवतीकडून," भागाबाई म्हणाल्या.

सोनाजींनी मान हलवली. मग हळूहळू डोळे उघडले आणि आभाळाकडे पाहत पडून राहिले. त्यांच्या कानशिलांवरून पाणी ओघळत होतं. उजेडाने असेल. भागाबाई त्यांच्याकडे पाठ करून माती गोळा करत होत्या, आणि गोळा झालेली माती पुन्हा गोळा करत होत्या.

हे लपणार नव्हतं. शिपाई आला, पाहून गेला, आणि हुकूम घेऊन आला: मालकाने समक्ष हजर व्हावं, विनापरवाना भिंत पाडल्याबद्दल. भागाबाईंनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "समक्ष म्हंजे सोताच ना?" त्यांनी विचारलं. मग दुसऱ्या दिवशी त्याच भोकातून बाज निघाली, पट्टीतून खिडकीपर्यंत, खिडकीतून परकोटाबाहेर, आणि वळसा घेऊन कचेरीच्या आवारात. कारकून खुर्चीवरून उठले.

"तुमी म्हणलं होतं मालकाले आणा," भागाबाई म्हणाल्या. "आनलं. घ्या जबानी."

त्या दिवशी जिल्ह्याचा साहेब कचेरीत होता. तो पायऱ्या उतरून बाजेपाशी आला. सोनाजींनी झोपूनच त्याला रामराम केला आणि कुणी विचारण्याआधी आपलं नाव, गाव, बापाचं नाव सांगितलं. साहेबाने जुना अर्ज मागवला, अकोल्याचा शेरा वाचला, कारकुनांकडे पाहिलं. दंड केला नाही. पण परकोटाचा हुकूम मोडायलाही तो तयार नव्हता. एकाला दिलं तर उद्या सगळे मागतील. म्हणून त्याने मधला मार्ग काढला. दार राहू द्यावं, मालक हयात असेतोवर. पश्चात भिंत होती तशी बुजवावी. आणि मालक हयात असल्याची दर वर्षी कचेरीत समक्ष खात्री करून द्यावी.

आम्ही सगळे खूश झालो. भागाबाईंनी हमालांना रोडगे आणि वरण जेवू घातलं, सुताराकडून चौकट बसवून घेतली. जेवणं झाल्यावर मी म्हणालो, "झालं ना मनासारखं?" त्या म्हणाल्या, "दार भेटलं जी." थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "पन त्यायच्या जीवाले कडी लावली."

पुढे अमेरिकेतली लढाई संपली. भाव असे कोसळले, की एका हंगामात व्यापारी दिसेनासे झाले. वखारींना कुलपं लागली, बोळ रिकामा झाला. समोरचं दार आता दिवसभर उघडं असायचं. मी भागाबाईंना म्हणालो, आता मागच्या दाराची गरज काय राहिली? सोडून द्या, म्हणजे दर वर्षीचा कचेरीचा खेटा चुकेल. पाटलांनाही त्रास.

"समोरचं लोकायनं मोकळं केलं," त्या म्हणाल्या, "उद्या लोकच भरतीन. मी नाई सोडत."

माझी अकोल्याला बदली झाली. तिथं बरीच वर्षं गेली. अमरावतीहून कुणी आलं की मी विचारायचो, आणि उत्तर मिळायचं, आहे, म्हातारा आहे अजून. एका हिवाळ्यात काही कामासाठी मी अमरावतीला गेलो होतो. परकोटाबाहेरच्या रस्त्याने चाललो असताना समोरून चार माणसं खांद्यावर काही घेऊन येताना दिसली. पुढे एक बाई चालत होती. खांद्यावरच्या माणसावर पांघरूण थंडीमुळे पार डोक्यावरून घेतलेलं, त्यामुळे खाली कोण आहे ते दिसत नव्हतं. रस्त्यावरची माणसं बाजूला सरली. दुकानदार उठून उभे राहिले, कुणी पायातले जोडे काढले, कुणी हात जोडले. मीही थबकलो आणि माझे हात आपसूक जोडले गेले.

"जित्ते हायेत!" पुढची बाई ओरडली. "जित्ते हायेत बाप्पा! हात कायले जोडून राहिले? वाट द्या!"

भागाबाईंचे केस पांढरे झाले होते. पांघरुणातून एक वाळलेला हात वर आला आणि त्याने लोकांना रामराम केला. कुणी तरी हसलं, मग सगळेच हसले. भागाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला ओळखलं, क्षणभर थांबल्या, "मास्तर, घरी या जी संध्याकाळी, मांगच्या दारानं," म्हणाल्या, आणि मग मागं वळून हमालांना म्हणाल्या, "चला, चला. कचेरी बंद होईन."